बाबांना फोन घेऊन दिलाय, आता पुढे? (ठाणे–नवी मुंबईत सोशल मीडिया नेमका कशासाठी वापरता?)

कासारवडवलीकर | रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. बाबा (वय ७४) गेल्या दिवाळीपासून चिपळूण सोडून कायमचे आमच्याकडे घोडबंदरला राहायला आलेत. आई गेल्यावर तिकडे एकट्यानं राहणं त्यांनाही नको झालं होतं. एसटीत नोकरी, सगळं आयुष्य डेपोत, माणसांच्या गर्दीत गेलेलं. इथे आम्ही दोघं नोकरीवर, लेक कॉलेजात. दिवसभर घरात बाबा आणि टीव्ही.

वाढदिवसाला स्मार्टफोन घेऊन दिला. भाच्यानं व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब टाकून दिलं आणि "आजोबा, मजा करा" म्हणून तो गेला. आता सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर सुविचार, दुपारी "ही भाजी चुकूनही खाऊ नका", रात्री "ही बातमी टीव्हीवाले दाखवणार नाहीत". हे सगळं बाबांना येतं आणि बाबांकडून मला येतं. परवा जेवताना म्हणाले, "तुम्ही सगळे दिवसभर त्यात डोकं घालून बसलेले असता. कामाचं काय असतं त्यात, ते तरी सांग."

म्हणून हा धागा. फायदे-तोटे नकोत, तो निबंध शाळेत लिहून झालाय. ठाण्यात, नवी मुंबईत तुम्ही रोज कशासाठी वापरता, जे नसेल तर खरंच अडेल, तेवढंच सांगा. त्यातलं बाबांना काय जमेल ते बघते.

पारसिकचा_बोगदा | रविवार, सकाळी ११:५२

माझं उत्तर एका शब्दात : गाडी.

रोज ठाणे ते बेलापूर, ट्रान्सहार्बर लोकलनं. आमच्या डब्याचा ग्रुप आहे, नाव "दहा ए". (ठाणेकरांना फलाट लगेच कळला असेल.) नियम एकच, ग्रुपवर फक्त गाडीचं बोलायचं. सुविचार टाकणारा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वडापाव देतो. त्यामुळे आमच्याकडे सुविचार येत नाहीत, आणि आले तर त्यांचं स्वागत होतं.

"ऐरोलीला उभी आहे, पुढे सिग्नल नाही." "रबाळ्याला पाणी रुळाला टेकलंय." "आज पुढचा डबा रिकामा, दिघ्याला चढणाऱ्यांनी तिकडे या." एवढ्या तीन ओळींवर पावसाळ्यात घरून कधी निघायचं, रेल्वे की बस, बायकोला गाडी मागायची का, सगळं ठरतं. २००४ मध्ये ही लाइन सुरू झाली तेव्हापासूनचे दोन काका आमच्यात आहेत. ते सांगतात, तेव्हा गाडी का थांबली हे कळायला दारातल्या माणसाला विचारायचो आणि दारातला माणूस काहीतरी ठोकून द्यायचा.

एम-इंडिकेटरवरही (लोकलच्या वेळांचं ॲप) प्रवाशांच्या गप्पा असतात, त्याही बघतो. पण दहा ए वर विश्वास जास्त. का, तर तिथे थाप मारली तर उद्या त्याच डब्यात, त्याच माणसाच्या काखेत उभं राहायचंय. माझं मत असं की सोशल मीडियाचा जो काही फायदा आहे तो अशा छोट्या, कंटाळवाण्या, ओळखीच्या ग्रुपांत आहे. बाकीचा सगळा बाजार.

तर्कटराव | रविवार, दुपारी १२:३०

ताई, ७४ वर्षांच्या माणसाला बोलायला माणसं हवी असतात, ॲप नको. फोन काढून घ्या आणि संध्याकाळी तलावपाळीला, तळ्याकाठी नेऊन बसवा. आमच्या नौपाड्यात रील बघत जेवणारे आजोबा आहेत. भाजीत मीठ आहे की नाही ते त्यांना कळत नाही.

आणि इथे जे "उपयोग" येतील ते सगळे पूर्वी फोनशिवाय होतच होते. गाडी तेव्हाही उशिरा यायची, आणि लोक तेव्हाही कामाला पोचायचे.

कासारवडवलीकर | रविवार, दुपारी १२:४१

तर्कटराव, संध्याकाळी कासारवडवलीहून निघून कापूरबावडी पार करून तलावपाळी गाठेपर्यंत बाबा ७५ चे होतील.

पण मुद्दा समजला. माणसं हवीत, हे खरंच.

सई_नेरूळ | रविवार, दुपारी २:०५

तर्कटरावांच्या "पूर्वी फोनशिवाय होतच होतं" याला हे उत्तर. जरा मोठं आहे.

माझा मुलगा २२ वर्षांचा, जन्मापासून कर्णबधिर. त्याच्या लहानपणी घरातला फोन हा फक्त आम्हा दोघांचा होता. एसएमएस आले तेव्हा सगळे म्हणाले, आता याचं काम झालं. झालं नाही, कारण त्याची पहिली भाषा खुणांची आहे. मराठी लिहायचं म्हणजे त्याच्यासाठी शाळेत शिकलेल्या परक्या भाषेत लिहिणं. दोन ओळी लिहायला त्याला जो वेळ लागायचा त्यात मित्राचा उत्साह संपून जायचा.

२०१६ च्या शेवटी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. त्या आठवड्यात आमच्या घरात काय झालं ते लिहून सांगता येणार नाही. मुलगा गॅलरीत उभा राहून रात्री उशिरापर्यंत हातवारे करून मित्राशी भांडत होता! भांडत होता, ही त्यातली मोठी गोष्ट. तोवर त्याची भांडणंही आमच्यामार्फत व्हायची. आज त्याचा गोतावळा पनवेलपासून अंबरनाथपर्यंत पसरलाय. भेटायचं ठिकाण, नोकरीच्या जागा, कुठल्या दुकानातला मालक समजून घेतो, कुठे अपमान होतो, सगळं व्हिडिओ करून एकमेकांना पाठवतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं २०२१ मध्ये दहा हजार शब्दांचा कोश पुरा केला. त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. माझे बरेच शब्द मी तिथूनच शिकले.

कासारवडवलीकर, बाबांना ऐकायला कमी येत असेल (या वयात असतंच) तर नुसत्या कॉलऐवजी व्हिडिओ कॉलची सवय लावा. समोरच्याचे ओठ दिसले की अर्धं ऐकू येतं. फोन कशाला तरी टेकवून ठेवायचा, हातात धरायचा नाही, आणि उजेड तोंडावर पडेल असं बसायचं. खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा दिसतो.

तर्कटराव | रविवार, दुपारी २:३०

सईताई, हा मुद्दा मान्य. माझं वाक्य तुमच्या घरापुरतं मागे घेतो. बाकीच्यांपुरतं ते उभं आहे.

दिवाळ्याचा_दर्या | रविवार, संध्याकाळी ६:१५

मी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातला. आमची आय मासे विकते. तिला लिहिता-वाचता नाय येत, पण तिचा धंदा अर्धा व्हॉट्सॲपवर चालतो, म्हणून लिवतो.

सकाळी होडी लागली की मी पाटीचा फोटो काढतो, आय भाव बोलते, तो आवाजाचा मेसेज जातो. ग्रुप नाय बनवला आम्ही. एकदा बनवलेला, त्यात एक म्याडम "महाग वाटतंय" बोलली की मागून सगळ्या तेच बोलायच्या. म्हणून ब्रॉडकास्ट यादी. मेसेज सगळ्यांना जातो, उत्तर फक्त आयला येतं, कोण काय भाव करतंय ते दुसऱ्याला दिसत नाय. एका यादीत २५६ माणसं बसतात, आणि ज्यानं आयचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतं. म्हणजे ज्याला खरंच मासळी पायजे तोच राहतो.

आत्ता १ जून ते ३१ जुलै मोठ्या बोटींची बंदी असते. या दिवसांत खाडीचा माल टाकतो : निवट्या, चिंबोऱ्या, बोय. आणि सुक्यात सोडे, जवळा, बोंबील. नवीन राहायला आलेल्या लोकांना निवटी म्हायती नसते, फोटो बघून घाबरतात. मग आय कसं करायचं ते पण बोलून पाठवते, आगळ किती, लसूण किती.

फायदा काय झाला? पैला संध्याकाळी उरलेला माल अर्ध्या भावात द्यायला लागायचा, नायतर घरी. आता सकाळीच कळतं कोणाला काय पायजे, तेवढंच काढून ठेवते. आणि "सीवूडची म्याडम, तुमची करंदी बाजूला ठेवलीय, साहेबांना पाठवा" असं बोलायला मिळतं, तिच्यासाठी ते पण मोठं आहे. बाजारात बसून जेवढ्या ओळखी झाल्या तेवढ्याच फोनमुळे टिकल्या.

पारसिकचा बोगदा बोलतात ते बरोबर. खराब मासळी दिली तर दुसऱ्या दिवशी म्याडम समोर उभी राहते.

बोंबीलफ्राय | रविवार, संध्याकाळी ६:१९

दादा, नंबर द्या ना!!

अॅडमिन | रविवार, संध्याकाळी ६:४०

धाग्यावर फोन नंबर देऊ नयेत, व्यक्तिगत निरोप वापरावा. मध्ये दोन राजकीय प्रतिसाद आले होते, ते काढले आहेत. हा धागा त्यासाठी नाही.

रक्तकण | रविवार, रात्री ९:१०

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. पारसिकचा बोगदा यांचं "ओळखीचे ग्रुप तेवढे खरे" हे मला अर्धंच पटतं. आमच्याकडे अनोळखी माणसंच येतात, आणि कोणीतरी कुठेतरी टाकलेल्या मेसेजमुळे येतात. ऐन मे महिन्यात लोक गावी गेलेले असतात, कॉलेजं बंद, शिबिरं होत नाहीत, तेव्हा हे मेसेज नसते तर आमचे हाल झाले असते. विशेषतः प्लेटलेट्ससाठी. रक्तातल्या लाल पेशी आम्ही पस्तीस ते बेचाळीस दिवस ठेवू शकतो, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. त्या साठवून ठेवण्याची गोष्टच नाही, दाता हवा तेव्हाच हवा. जुलै-ऑगस्टमध्ये डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा हे फार जाणवतं.

पण याच मेसेजांची दुसरी बाजूही आम्हीच बघतो. "तातडीनं बी निगेटिव्ह हवं, कृपया पुढे पाठवा", खाली नातेवाइकाचा नंबर, आणि तारीख नाही. असा मेसेज महिनोन्‌महिने फिरत राहतो. रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो, किंवा तो या जगातही नसतो, आणि त्याच्या मुलाला रात्री दोन वाजता फोन येत राहतात, "रक्त हवंय ना?" एका बाईंनी मला सांगितलं की यापायी त्यांना नंबर बदलावा लागला.

तेव्हा टाकायचा असेल तर एवढं हवंच : तारीख, हॉस्पिटल आणि गाव, रक्तगट, संपूर्ण रक्त हवं की प्लेटलेट्स, आणि गरज भागली की त्याच ग्रुपवर "मिळालं, थांबा". ही शेवटची ओळ कोणी टाकत नाही. सरकारचं ई-रक्तकोष नावाचं पोर्टल आहे, त्यावर कुठल्या पेढीत काय शिल्लक आहे ते दिसतं. आधी ते बघा, मग मेसेज टाका.

कासारवडवलीकर, रक्तदानाची वयोमर्यादा ६५ आहे, त्यामुळे बाबा देऊ शकणार नाहीत. पण त्यांना एक काम देते. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर असा मेसेज आला की पुढे पाठवण्याआधी त्यांनी त्या नंबरवर दिवसा फोन करून विचारायचं, "अजून हवंय का?" डेपोत काम केलेल्या माणसाला चौकशीचा कंटाळा नसतो. :)

पारसिकचा_बोगदा | रविवार, रात्री ९:३२

रक्तकण, मान्य. पण बघा, तुमचाही उपाय "फोन करून खात्री करा" हाच आहे. म्हणजे अनोळखी माणसाला आधी ओळखीचं करून घ्या.

रक्तकण | रविवार, रात्री ९:४०

शब्दांचा खेळ आहे हा. पण चालेल.

येऊरपायथा | सोमवार, सकाळी ८:०५

आमच्याकडे बिबट्या येतो. म्हणजे खराही येतो (संजय गांधी राष्ट्रीय उद्यान भिंतीपलीकडेच आहे, त्याचं घरच आहे ते) आणि व्हॉट्सॲपवरही येतो. व्हॉट्सॲपवरचा जास्त वेळा येतो.

गेल्या वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्या जिन्यातून उतरतानाचा व्हिडिओ आला, "आपल्या मागच्या इमारतीत, आत्ता". मुलं घरात कोंडली, वॉचमन केबिनमध्ये कोंडला. एका दहावीतल्या मुलीनं व्हिडिओतलं एक दृश्य थांबवून गूगल लेन्समध्ये टाकलं. तो कुठल्यातरी दुसऱ्याच राज्यातला, जुना निघाला. शिवाय जिन्याच्या फरश्या आमच्या नव्हत्या, हे तिच्या आईच्या लक्षात आलं. फरश्या तिनेच कमिटीत बसून निवडल्या होत्या.

आता आमचा नियम : बिबट्या दिसला तर आधी वन विभागाची हेल्पलाइन १९२६, मग ग्रुप. आणि ग्रुपवर टाकताना स्वतः काढलेला फोटो, नसेल तर "मी पाहिला नाही, अमक्यानं सांगितलं" असं लिहायचं. हे एक वाक्य लिहायला लागलं की निम्मे बिबटे गायब होतात.

खाडीकाठ | सोमवार, सकाळी १०:२६

प्राण्यांवरून विषय निघालाच आहे तर पक्षी. मी नेरूळ–सीवूड्सच्या पाणथळींवर जातो. आत्ता पावसाळा, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) गेलेत. हिवाळ्यात येतात ते थेट मेपर्यंत असतात. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ मध्ये जाहीर झाला, २०२२ मध्ये जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आला. पण आसपासची जी तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिली त्यांच्याकडे कोण बघणार? तिथे चालायला जाणारे. नेरूळच्या डीपीएस तळ्यावर शेवाळ साचल्याचे, भरतीचं पाणी येत नसल्याचे फोटो रोज फिरायला जाणाऱ्या लोकांनी टाकले. कोणी पत्रकार नव्हते, कोणी तज्ज्ञ नव्हते. गृहिणी, निवृत्त मंडळी, एक-दोन शाळकरी मुलं. रोज त्याच जागेवरून फोटो, तारखेसकट. महिनाभराचे फोटो एकाखाली एक लावले की कुठल्याही अर्जापेक्षा ते जास्त बोलतात.

मी स्वतः ई-बर्डवर नोंदी करतो. अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या पक्षीविद्या प्रयोगशाळेनं २००२ मध्ये ते सुरू केलं, भारतात आज हजारो लोक वापरतात. त्याला कोणी सोशल मीडिया म्हणत नाही, पण मला तर तो सगळ्यात सभ्य सोशल मीडिया वाटतो. तिथे मत द्यायचं नसतं, कावळे किती ते सांगायचं असतं. चुकीचा पक्षी लिहिलात तर एक गृहस्थ नम्रपणे विचारतात, "खात्री आहे ना?" फेसबुकवर असं कोणी कधी विचारलंय?

एक विनंती मात्र : घरट्याची, घुबडाची नेमकी जागा कधीही टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची जत्रा भरते आणि पक्षी घरटं सोडतो.

कासारवडवलीकर, बाबांना गॅलरीतून सुरुवात करता येईल. पंधरा मिनिटं बसायचं, दिसेल ते मोजायचं. चोवीस तासांतली पंधरा मिनिटं तरी टीव्ही बंद.

तर्कटराव | सोमवार, सकाळी ११:००

"कावळे किती ते सांगायचं असतं" :D :D

बरं, फसवणुकीवर कोणी बोलणार आहे की नाही? बाबांचं पेन्शन खातं त्याच फोनवर असणार.

कोर्टकचेरी | सोमवार, दुपारी १:१५

तर्कटराव, मी बोलते. वकील आहे, ठाणे न्यायालयातच असते. थोडक्यात :

पोलीस, सीबीआय, न्यायाधीश यांपैकी कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. "डिजिटल अरेस्ट" असलं काही कायद्यात नाही. असा फोन आला की कापायचा, आणि घरच्यांना लगेच सांगायचं. पैसे गेलेच तर मिनिटं महत्त्वाची असतात, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, लाज बाळगत बसायचं नाही. व्हॉट्सॲपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सहा आकड्यांचा पिन ठेवायचा. आणि "मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं" याचं सेटिंग "माझे संपर्क" एवढंच ठेवायचं. शेअरबाजाराचे खोटे ग्रुप तिथूनच गळाला लावतात.

सोसायटीच्या सेक्रेटऱ्यांसाठी अवांतर : ग्रुपचा अॅडमिन झालात म्हणून सभासदानं टाकलेल्या घाणीसाठी आपोआप तुम्ही आरोपी होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय, त्यासाठी समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसावं लागतं. तरी घाण दिसली की काढावी, हे सांगायला वकील लागू नये.

आणि जरा जुनी गोष्ट, आपल्याच भागातली. २०१२ मध्ये बंदविषयी फेसबुकवर लिहिलं, आणि ते आवडल्याचं बटण दाबलं, म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ हे कलमच रद्द केलं. आज आपण नळाला पाणी नाही म्हणून बिनधास्त लिहितो, त्यात त्या दोघींचाही वाटा आहे. मला तर सोशल मीडियाच्या फायद्यांत हा फायदा सगळ्यात वर वाटतो, पण तुम्ही रोजचं विचारलंय, म्हणून थांबते.

इन्स्टापिन्स्टा | सोमवार, दुपारी ३:४८

मी इथली सगळ्यात लहान असणार, कळव्याची, टीवायला (कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला) आहे. मी इन्स्टावर वाट्टेल ते बघते, खोटं कशाला बोलू. पण दोन कामं खरंच होतात. एक, जुन्या पुस्तकांची देवघेव : वरच्या वर्गातले "सोडली, हवी का" टाकतात. दुसरं, रात्री क्लासहून येताना आईला चालू ठिकाण पाठवते. आईला नकाशा कळत नाही, पण निळा ठिपका हलतोय एवढं कळतं.

ताई, आजोबा एसटीत होते ना? त्यांचं ते सांगायला लावा ना. रील नाही म्हणत, नुसतं बोलू दे.

कासारवडवलीकर | गुरुवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार, आणि बातमी आहे.

इन्स्टापिन्स्टाचं वाचून डोक्यात आलं. आमच्या इमारतीत निम्मी घरं कोकणातली. गणपतीच्या गाड्यांवरून ग्रुपवर दर वर्षी या दिवसांत गोंधळ असतो. कोणती गाडी, कुठून, परतीचं काय. बाबांना तोवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये घेतलंच नव्हतं, "घरातून एकच नंबर" असा आमचा नियम. सेक्रेटरींशी बोलून माझ्याऐवजी त्यांचा नंबर घातला. (मला भलतंच हलकं वाटतंय, ती वेगळी गोष्ट.)

सोमवारी रात्री कोणीतरी विचारलं, खेडला जायचंय, कुठली गाडी धरू? बाबांनी मराठी टंकायचा प्रयत्न केला, वैतागले, मग लेकीनं मायक्रोफोनचं बटण दाखवलं. जे बोलायला लागले! खेडला जाणाऱ्यानं आधी विचारून घ्यावं की गाडी स्टँडात शिरते की भरणे नाक्यावरूनच पुढे जाते, नाहीतर सामानसुमान घेऊन पहाटे नाक्यावर रिक्षा शोधत बसाल. मूर्ती बरोबर असेल तर शेवटच्या सिटा घेऊ नका. परतीचं तिकीट जायच्या तिकिटाबरोबरच काढा, गौरी गेल्यावर शोधायला जाऊ नका. महिलांना अर्धं तिकीट, पासष्टच्या वर अर्धं, पंच्याहत्तरला फुकट, पण ओळखपत्र खिशात हवं, मोबाईलमधला फोटो दाखवून वाहकाशी वाद घालू नका, तो बिचारा रात्रपाळीला असतो.

दुसऱ्या दिवशी बी विंगमधले एक गृहस्थ घरी आले, वहीच घेऊन. ते गुहागरचे. मग आणखी एक. काल संध्याकाळी खाली बाकावर चारजण बसले होते आणि बाबा कशेडी घाटाबद्दल काहीतरी सांगत होते. मी लिफ्टमध्ये शिरले, थांबले नाही, नाहीतर लगेच "चला, जेवायला" म्हणून उठले असते.

तर्कटराव, तुमची तलावपाळी आमच्याच इमारतीखाली भरली म्हणायची.

सुविचार अजून येतातच.

तर्कटराव | गुरुवार, रात्री १०:२०

माणसं प्रत्यक्ष बसली ना? मग माझंच म्हणणं खरं ठरलं. फोननं फक्त निरोप्याचं काम केलं.

सई_नेरूळ | गुरुवार, रात्री १०:२४

निरोप्याशिवाय ते गृहस्थ बी विंगमधून वही घेऊन आले असते का, हा प्रश्न आहे, तर्कटराव. एका इमारतीत राहून त्यांना माहीत नव्हतं की वरच्या मजल्यावर एसटीवाला राहतो.

दिवाळ्याचा_दर्या | गुरुवार, रात्री ११:०२

काका भारी. आमच्या आयची बहीण दापोलीला असते, तिची गाडी विचारू का?

कासारवडवलीकर | शुक्रवार, सकाळी ९:१०

जरूर विचारा, व्यक्तिगत निरोप करा, बाबांना दाखवते.

आता एक तांत्रिक शंका. बाबांची तक्रार अशी की लोक वर उत्तर असतानाही खाली तोच प्रश्न पुन्हा विचारतात. "फलक लावता येत नाही का इथे?" असं म्हणाले. डेपोत कसा वेळापत्रकाचा फलक असतो, तसा. असं काही आहे का?

पारसिकचा_बोगदा | शुक्रवार, सकाळी ९:२५

आहे. मेसेज दाबून धरायचा, "पिन" निवडायचं. तो ग्रुपच्या माथ्यावर चिकटतो. असे तीन मेसेज लावता येतात, मुदत चोवीस तास, सात दिवस किंवा तीस दिवस. बाबांनी आवाजाच्या मेसेजऐवजी एक लिखित मेसेज लावावा, माथ्यावर पहिली ओळ दिसते तेव्हा पहिल्या ओळीतच "गणपती गाड्या : आधी हे वाचा". आणि अॅडमिननी सगळ्यांना पिनची परवानगी ठेवली असेल तर ती काढून घ्या, नाहीतर बाबांचा फलक खाली जाऊन वर "पार्किंगमध्ये पांढरी गाडी कोणाची" येईल.

कोर्टकचेरी | शुक्रवार, सकाळी ९:४०

तीस दिवसांनी पिन आपोआप निघतो, ते बाबांना आजच सांगून ठेवा. आणि ग्रुपच्या वर्णनातही तोच मजकूर घाला, ते मुदतीशिवाय राहतं.